बल्लवांच्या संघटनेचे वार्षिक पुरस्कारभोजन: मान कोणाला द्यावा आणि त्या दिवशी रांधायचे कोणी?

करवीरकर यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात हॉटेलांतील शेफ, खानावळींतील आचारी, लग्नकार्यांची जेवणे करणारे केटरर आणि मिठाईचे कारागीर यांची एक छोटी संघटना आहे. ती दरवर्षी एक स्नेहभोजन ठेवते आणि त्यात त्या वर्षीच्या गुणी मंडळींचा सत्कार करते. यंदा या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे, आणि तो नेहमीच्या ठरलेल्या पद्धतीने उरकून टाकावा असे मला वाटत नाही, म्हणून येथील जाणकारांचा सल्ला घेत आहे.

गेली काही वर्षे पुरस्कार ‘सर्वोत्कृष्ट हॉटेल’, ‘सर्वोत्कृष्ट केटरर’ अशा नावांनी दिले जातात. त्यामुळे व्यासपीठावर मालक जातात, शाल आणि श्रीफळ स्वीकारतात, आणि ज्याच्या हातच्या तांबड्या रश्शामुळे ते हॉटेल नावारूपाला आले तो आचारी त्याच वेळी भटारखान्यात रात्रीच्या गिऱ्हाइकांची ताटे भरत उभा असतो. मालकांविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी या शहराचे खाणे जपले आहे. तथापि संघटना बल्लवांची आहे आणि तिच्या पुरस्कारावर रांधणाऱ्याचे नाव नसावे, हे मला मनापासून खटकते.

मला मुख्यतः हे विचारायचे आहे की व्यक्तीला पुरस्कार द्यायचा झाल्यास निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, म्हणजे ती ओळखीपाळखीवर ठरली असे कोणाला म्हणता येणार नाही. दुसरे असे की सर्व सभासद स्वतःच स्वयंपाक करणारे असताना त्या दिवशीचे जेवण कोणावर सोपवावे? बाहेरचा केटरर बोलावला की सभासदांना ते कमीपणाचे वाटते, आणि आपल्यांतलाच निवडला की तो बिचारा कार्यक्रमालाच मुकतो. तारखेचाही प्रश्न आहेच, कारण दरवर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

पाकशिक्षक यांचे उत्तर

हॉटेल व्यवस्थापनाच्या महाविद्यालयात मी दीर्घकाळ शिकवले आहे आणि पाकस्पर्धांचे परीक्षणही केले आहे. आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

पुरस्कार व्यक्तीलाच द्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. देशपातळीवरही हा विचार हळूहळू रुजला आहे. पाककृतींची पुस्तके लिहिणाऱ्या तरला दलाल यांना २००७ साली पद्मश्री मिळाली, शेफ इम्तियाज कुरेशी यांना २०१६ साली, शेफ संजीव कपूर यांना २०१७ साली. यांपैकी कुरेशी यांचे उदाहरण आपल्या संघटनेला सर्वांत जवळचे आहे, कारण ते कोणत्याही केटरिंग महाविद्यालयातून आलेले नव्हते. लहान वयात नात्यातल्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली राबून ते शिकले होते. मुंबईत दादरचे केटरिंग कॉलेज १९५४ साली सुरू झाले आणि त्यानंतर या व्यवसायाला पदविका व पदव्या आल्या, हे चांगलेच झाले. परंतु आपल्याकडील बहुसंख्य आचाऱ्यांचे शिक्षण अजूनही वस्तादाच्या शेजारी उभे राहूनच होते. म्हणून अर्जात शैक्षणिक पात्रतेचा रकाना ठेवू नये. ‘कोणाच्या हाताखाली शिकलात’ हा रकाना मात्र जरूर ठेवावा, आणि सन्मानपत्रात त्या गुरूचे नावही घ्यावे.

कसोट्यांबद्दल सांगायचे तर जागतिक पातळीवरील बल्लव संघटनांच्या महासंघाची गुणपद्धती अभ्यासण्यासारखी आहे. हा महासंघ १९२८ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला आणि विख्यात फ्रेंच बल्लव ऑग्युस्त एस्कॉफिए हे त्याचे पहिले मानद अध्यक्ष होते. त्याच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांत शंभरपैकी ९० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला सुवर्णपदक मिळते, ८० ते ८९ गुणांना रौप्य आणि ७० ते ७९ गुणांना कांस्य. म्हणजे एकाच स्पर्धेत चौघांना सुवर्ण मिळू शकते आणि तशी पात्रता कोणाचीच नसेल तर ते कोणालाही मिळत नाही. एका शहरात रोज एकमेकांची तोंडे पाहणाऱ्या, अडीअडचणीला एकमेकांचे टोप आणि कढया उसन्या नेणाऱ्या लोकांसाठी ही पद्धत फार समंजस आहे, कारण तीत एकाला वर चढवण्यासाठी दुसऱ्याला हरवावे लागत नाही. गुणांची विभागणी करताना चवीला निम्मे गुण ठेवावेत आणि उरलेले कामाची पद्धत, स्वच्छता, मांडणी व वाया जाणारा माल यांत वाटावेत.

आता एक महत्त्वाची गोष्ट. स्पर्धेत एका दिवसाचा पदार्थ पाहिला जातो, आणि आपल्याला वर्षभराचे काम पाहायचे आहे. त्यासाठी परीक्षकांनी न सांगता दोन वेळा जावे. एकदा रविवारच्या दुपारी गर्दीत आणि एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी, पाळी संपता संपता. पांढऱ्या रश्शाची खरी परीक्षा या दुसऱ्या वेळी होते. नारळाचे दूध घातल्यावर आच वाढली किंवा रस्सा पुन्हापुन्हा उकळला गेला की तो फुटतो, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाच्या वाटीतही जो एकजीव राहतो त्यामागे जाणता हात असतो. लग्नाच्या जेवणात पहिल्या पंगतीचा भात कोणालाही साधतो. परीक्षकाने तिसऱ्या पंगतीला बसावे.

परीक्षक तीन असावेत आणि त्यांतला निदान एक परगावचा असावा. ज्याचा नातेवाईक, भागीदार किंवा नोकर उमेदवार आहे त्याने त्या उमेदवाराला गुण देऊ नयेत, आणि हा नियम आधीच लेखी जाहीर करावा. अमेरिकेतील शेफ व उपाहारगृहांसाठीच्या जेम्स बिअर्ड पुरस्कारांसारख्या मोठ्या उपक्रमालाही २०२० आणि २०२१ या दोन वर्षी पुरस्कार न देता आपली निवडपद्धती तपासून घ्यावी लागली, आणि नियम बदलून ते २०२२ साली पुन्हा सुरू झाले. तेव्हा आपल्या संघटनेने एका वर्षी निवडपद्धतीवरच काम करायचे ठरवले तरी त्यात कमीपणा मानू नये.

पंगतवाला, सांगली यांचे उत्तर

करवीरकर, आपल्या खुर्च्या रिकाम्या का राहतात ते मी आचारी म्हणून सांगू शकतो. आपण कार्यक्रम बहुधा शनिवारी किंवा रविवारी रात्री ठेवत असाल. तो दिवस आणि ती वेळ आमची नसतेच.

तारीख पंचांग समोर ठेवून काढावी. तुळशीच्या लग्नापासून पुढे आषाढापर्यंत लग्नसराईची मंडळी अडकलेली असतात. चातुर्मासात मुहूर्त जवळपास थांबतात आणि केटररच्या हाताखालची माणसे मोकळी होतात. आषाढाच्या अखेरीस, अमावास्येपर्यंत, सामिष हॉटेलांना उसंत नसते. श्रावण लागला की त्यांची गर्दी ओसरते. गणपती जवळ आले की मिठाईवाले मोदक आणि पेढ्यांत बुडतात. या सगळ्यांतून सर्वांना जमेल असा काळ उरतो तो श्रावणाचा पहिला पंधरवडा. त्यातही सोमवार आणि शनिवार सोडावेत, कारण आमच्यांतल्या पुष्कळांना उपास असतो आणि स्नेहभोजनाला येऊन साबुदाणा खाण्यात कोणाला आनंद वाटणार? बुधवार किंवा गुरुवार घ्यावा. काही संघटना २० ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय शेफ दिन म्हणून पाळतात, परंतु आपल्याकडे तो नवरात्र ते दिवाळी या धामधुमीत सापडतो. २०२५ साली तर त्या दिवशी नेमकी नरक चतुर्दशी होती.

वेळेबाबत माझे मत कदाचित आपल्याला रुचणार नाही. रात्रीच्या भोजनाचा आग्रह सोडावा. हॉटेलच्या भटारखान्यात दुपारची पाळी तीनच्या सुमारास आटोपते आणि संध्याकाळची तयारी सहाच्या आसपास सुरू होते. साडेतीनला पंगत बसवावी, पाचला सत्कार करावेत आणि साडेसहाच्या आत माणसे आपापल्या कामावर परत जातील असे पाहावे. एवढे केले तर रजा मागण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि आचाऱ्याला रजा मागणे किती जड जाते हे मालकांना सांगून कळत नाही.

रांधायचे कोणी, याचेही उत्तर आमच्या परंपरेत आहे. गेल्या वर्षीच्या मानकऱ्यांनी यंदाच्या मंडळींना जेवू घालावे. प्रत्येकाने एकच पदार्थ पत्करावा, ज्यात त्याचा हात सर्वांत चांगला आहे तो. हाताखाली हॉटेल व्यवस्थापनाच्या महाविद्यालयातील विद्यार्थी घ्यावेत. त्यांना शिकायला मिळते आणि मोठ्या पातेल्यातला अंदाज कसा असतो ते पुस्तकाबाहेर कळते. मानकऱ्यांचे काम मान म्हणून असेल, परंतु भांडी घासणारे, भाज्या चिरणारे आणि वाढपी यांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी. ‘आपल्याच संघटनेचे काम आहे’ असे म्हणून त्यांना फुकट राबवू नये.

सगळे पदार्थ एकाच परवानाधारक स्वयंपाकघरात शिजवावेत. प्रत्येकाने आपल्या हॉटेलातून डबा भरून आणायचा हा बेत ऐकायला गोड वाटतो, परंतु पावसाळ्याच्या दिवसांत निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या वेळी शिजलेले अन्न टेम्पोतून आणून तासन् तास ठेवणे धोक्याचे असते. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि गार पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. तळणीचे तेलही ताजे घ्यावे. संपूर्ण शहराचे आचारी जेवायला बसणार आहेत, तेव्हा निदान त्या दिवशी तरी या बाबतींत कसूर नको.

आणि बुफे ठेवू नका. आम्ही आयुष्यभर लोकांच्या पंगती वाढतो. वर्षातून एकदा कोणी आम्हाला पानावर बसवून, ‘आणखी घ्या’ असे म्हणत वाढले, तर त्या सन्मानाचे मोल चषकाहून कमी नाही. पंगतीत बसण्याचा क्रम हुद्द्यानुसार लावू नये. एक्झिक्युटिव्ह शेफच्या शेजारी भांडी घासणारा बसला की दोघांनाही बोलायला पुष्कळ निघते.

गिरणगावची खानावळ यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले, परंतु दोन्हींत ‘आचारी’ म्हणताना पुरुषच डोळ्यांसमोर आहे असे जाणवले, म्हणून लिहिते.

कोल्हापूर आणि सांगलीच्या खानावळींमध्ये भाकरी कोण थापते? रस्सा पुरुषाच्या नावावर ओळखला जातो आणि भाकरी मात्र कोणाच्याच नावावर नसते. ज्वारीचे पीठ जुने होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर पाणी किती कढत घ्यायचे, किती मळायचे, तवा किती तापू द्यायचा, हे त्या बाईला बोटांनी कळते. भरल्या दुपारी एकामागून एक निघणारी प्रत्येक भाकरी सारख्या जाडीची असते आणि फुगते. पाकशिक्षकांनी सांगितलेली वर्षभराच्या सातत्याची कसोटी लावली, तर या बायका पहिल्या रांगेत येतील. तरीही त्यांची नोंद ‘मदतनीस’ म्हणून होते आणि संघटनेचे सभासदत्वही त्यांना कोणी दिलेले नसते.

मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची अशीच स्थिती होती. घरात दोन खणांच्या जागेत त्या अनेक कामगारांचा दोन वेळचा स्वयंपाक करत आणि किराणा मालासाठी सावकाराच्या दारी जात. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना संघटित केले आणि बँकांची कर्जे मिळवून दिली. प्रेमाताईंना पुढे २००२ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. हे काम स्वयंपाकाच्या क्षेत्रातलेच होते, मात्र बल्लवांच्या पुरस्कारांची चर्चा निघाली की त्याची आठवण क्वचितच कोणाला होते.

माझ्या सूचना अगदी व्यवहारातल्या आहेत. ‘सर्वोत्कृष्ट महिला’ असा वेगळा पुरस्कार ठेवू नका. त्याच वर्गवारीत, त्याच गुणांनी त्यांची निवड होऊ द्या. अर्ज मागवून या बायका पुढे येणार नाहीत, कारण स्वतःची शिफारस स्वतः करण्याची त्यांना सवय नाही. म्हणून सहकाऱ्यांनी, गिऱ्हाइकांनी नाव सुचवावे आणि संघटनेच्या माणसाने खानावळीत जाऊन माहिती लिहून घ्यावी. पंगतवाला यांनी सुचवलेली दुपारची वेळ तर आम्हाला वरदानच ठरेल. रात्री अकराला संपणाऱ्या कार्यक्रमाला खेड्यातून येणारी बाई थांबूच शकत नाही. बरोबर घरचे एखादे माणूस आणायची मुभा द्या. तिचे काम घरच्यांनी चारचौघांत वाखाणलेले पाहावे, यासारखे दुसरे काही नाही.

साताऱ्याचा हॉटेलवाला यांचे उत्तर

मालक म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो आणि ती शांतपणे वाचली जावी अशी विनंती करतो.

आचाऱ्याचा हात हा हॉटेलचा प्राण आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु जागेचे भाडे, परवाने, गॅस, दर महिन्याचा पगार, आणि २०२० च्या टाळेबंदीत गल्ल्यात काही येत नसताना माणसे टिकवून धरणे, हेही कोणीतरी केलेले असते. मालक व्यासपीठावर जातो तो नेहमीच दुसऱ्याचे श्रेय लाटण्यासाठी जातो, असा सूर निघू नये.

आचाऱ्याचे नाव पुढे करायला मालक कचरतात त्याचे खरे कारण वेगळे आहे आणि ते येथे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. नाव झाले की माणूस फोडला जातो. सत्काराच्या मंडपातच दुसरा मालक जास्त पगाराचे आमिष दाखवतो, आणि महिनाभरात आपला मसाला शेजारच्या गल्लीत शिजू लागतो. छोट्या हॉटेलचे त्यात कंबरडे मोडते. संघटनेने या भीतीचा विचार केला नाही, तर मालक आचाऱ्यांची नावेच कळवणार नाहीत. माझी सूचना अशी की सन्मानपत्रावर पहिले नाव आचाऱ्याचे असावे, त्याखाली संस्थेचे असावे, आणि व्यासपीठावर दोघांना एकत्र बोलवावे.

पाकशिक्षक यांचे उत्तर

हॉटेलवाल्यांनी मांडलेला मुद्दा खरा आहे आणि तो मोकळेपणाने मांडल्याबद्दल त्यांचे आभार. माझा अनुभव असा आहे की माणूस फोडला जातो तो मुख्यतः पगार, सुट्टी आणि वागणूक यांमुळे; सत्कारामुळे फार तर त्याला आपली किंमत कळते. इम्तियाज कुरेशी यांचे नाव देशभर झाले तरी ते अनेक दशके आयटीसीच्याच हॉटेलांशी निगडित राहिले, आणि त्यांच्या नावामुळे ‘दम पुख्त’ या उपाहारगृहाची कीर्ती वाढली. नाव लपवून माणूस टिकत नाही, असे मला वाटते. तरीही दोन्ही नावांचे सन्मानपत्र ही सूचना मला योग्य वाटते. नावांचा क्रम मात्र त्यांनी सांगितला तोच राहावा.

प्रायोजकांविषयी थोडे लिहायचे राहिले होते. मसाले, तेल आणि गॅसच्या शेगड्या विकणाऱ्या कंपन्या अशा कार्यक्रमांना पैसे देतात आणि ते घ्यायला हरकत नाही. त्यांचे नाव फलकावर आणि निमंत्रणपत्रिकेत असावे. पुरस्काराच्या नावात आणि परीक्षक मंडळात नसावे. संघटना नोंदणीकृत असेल तर जमाखर्च ३१ मार्चनंतर लेखापरीक्षकाकडे जातोच. त्यातला या कार्यक्रमाचा भाग सभासदांना वेगळा छापून द्यावा.

करवीरकर यांचे उत्तर

सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार. कार्यकारिणीपुढे ठेवण्यासाठी मी मसुदा तयार केला आहे. श्रावणातल्या पहिल्या पंधरवड्यातील गुरुवार, दुपारी साडेतीनची पंगत, गेल्या वर्षीच्या सत्कारमूर्ती संस्थांतील प्रत्यक्ष रांधणाऱ्यांच्या देखरेखीखाली एकाच स्वयंपाकघरात शिजलेले जेवण, शंभर गुणांची पद्धत, परगावचा एक परीक्षक, आणि सन्मानपत्रावर आधी आचाऱ्याचे व मग संस्थेचे नाव, एवढे त्यात घेतले आहे. भाकरी आणि पोळीचे काम ही स्वतंत्र वर्गवारी ठेवली आहे. तीत स्त्री वा पुरुष असा भेद नाही, आणि इतर सर्व वर्गवाऱ्याही स्त्रियांना खुल्या आहेत. खानावळींत जाऊन नावे नोंदवण्यासाठी चार तरुण सभासद तयार झाले आहेत.

एकच विचारायचे राहिले. चषक आणि शालीवर होणारा खर्च कमी करून त्याच पैशांत मानकऱ्याच्या उपयोगी पडेल असे काय देता येईल?

पंगतवाला, सांगली यांचे उत्तर

चांगल्या पोलादाची सुरी द्यावी आणि तिच्या मुठीवर नाव कोरून द्यावे. आमच्यांतले बहुतेक जण हॉटेलच्या सुरीवर काम करतात. स्वतःची सुरी असणे ही आमच्या व्यवसायात मोठी गोष्ट आहे. भाकरी करणाऱ्या बाईला तिच्या पसंतीचा बिडाचा तवा किंवा लाकडी काथवट द्यावी, आणि घेण्याआधी तिला विचारावे.

त्याबरोबर कागदाचे काम करून द्यावे, कारण ते आम्हाला स्वतःहून जमत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांच्या हप्त्यात २ लाख रुपयांचे अपघाती विमा संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाचा आणि बँकेत खाते असलेला कोणीही ते घेऊ शकतो. कढत तेल आणि भट्टीजवळ आयुष्य काढणाऱ्या माणसांकडे एवढाही विमा नसतो. कार्यक्रमाच्या दिवशी बँकेचा माणूस बोलावून, केवळ मानकऱ्यांचे नव्हे, तर पंगतीला आलेल्या प्रत्येक इच्छुकाचे अर्ज भरून घ्यावेत आणि पहिल्या वर्षाचा हप्ता संघटनेने द्यावा. ज्यांच्याकडे शिक्षणाचा कोणताही कागद नाही त्यांच्यासाठी, अनुभवाने आलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणारी शासनाची व्यवस्था आहे. परदेशी किंवा मोठ्या हॉटेलात जाऊ पाहणाऱ्या तरुणांना त्याचा उपयोग होतो. त्याची चौकशी महाविद्यालयामार्फत करता येईल.

सन्मानपत्राचा मजकूर छापायला टाकण्यापूर्वी प्रत्येकाला वाचून दाखवावा, विशेषतः नाव, गाव आणि गुरूचे नाव. यंदा वाढप्यांची कमतरता पडली तर कळवा. सांगलीहून आम्ही काही जण एप्रन बांधून येऊ.